चकमधली चावी : उत्कंठा कशी लिहावी?



यंदा मराठी विभागाकडे आलेल्या कथांपैकी निम्म्याहून अधिक कथांवर लेखकांनी स्वतःच 'सस्पेन्स स्टोरी' असं ठळक अक्षरात लिहून पाठवलंय. पाहून बरं वाटलं. पहिला पाऊस आणि पहिलं प्रेम यांच्यापासून मंडळी जरा पुढे सरकली म्हणायची! गठ्ठा आम्ही संपादक मंडळात वाटून घेतला आणि मेसच्या टेबलावर एकमेकांना वाचून दाखवत संपवला. तेव्हा लक्षात आलं, की बहुतेक कथांचा साचा एकच आहे. रात्रीचे बारा वाजलेले असतात. हॉस्टेलची लाइट जाते. कॉरिडॉरमधून 'तो' चाललेला असतो. तो कोण, कुठे चाललाय, का चाललाय, काही सांगायचं नाही. 'त्याच्या' हातात 'ती वस्तू' असते. ती कोणती, तेही सांगायचं नाही. दार करकरतं, कुत्रं रडतं, भरपूर टिंबं पडतात... आणि शेवटच्या ओळीत कळतं, की तो रूममेट होता आणि हातात मॅगीचं पातेलं होतं. नाहीतर मग सगळं स्वप्नच होतं.

लिहिणाऱ्यांना नावं ठेवायला हा लेख नाही. काही जणांची भाषा तर हेवा वाटावा इतकी चांगली आहे. पण वाचकापासून जितकं लपवू तितका सस्पेन्स वाढतो, ही जी समजूत या सगळ्यांच्या मागे आहे, ती मला मुळातच उलटी वाटते. वाचकाला सांगितल्याने उत्कंठा वाढते. लपवल्याने वाढतो तो बहुतेक वेळा वैताग. ते कसं, हे उदाहरणं घेऊनच बघू.

आधी शब्दांचा घोळ निस्तरू. 'सस्पेन्स' हा एकच शब्द आपण तीन वेगळ्या गोष्टींना वापरतो. एक म्हणजे रहस्य. खून झालाय, कोणी केला? इथे घटना होऊन गेलेली असते आणि वाचक मागे वळून बघत असतो. दुसरा धक्का. काहीच कल्पना नसताना काहीतरी घडतं आणि आपण दचकतो. तिसरी उत्कंठा. अजून काही झालेलं नाही, पण होणार आहे, आणि वाचक पुढे डोळे लावून बसलाय. 'जीव टांगणीला लागणं' म्हणतो ते हेच, आणि गंमत म्हणजे इंग्रजी सस्पेन्सच्या मुळाशीही टांगणं, लटकवणं हाच अर्थ आहे. फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्सच्या पेपरात दोरीला लटकवलेलं वजन असतं ना, तसं. ते वजन कधी कोणी लपवलेलं पाहिलंय का? ते दिसतं, किती किलोचं आहे ते माहीत असतं, म्हणूनच दोरी तुटेल का हा प्रश्न पडतो.

धक्का आणि उत्कंठा यांतला फरक सगळ्यात सोप्या भाषेत सांगितला तो आल्फ्रेड हिचकॉक या सिनेमा दिग्दर्शकाने. १९६२ मध्ये फ्रान्स्वा त्रुफो या फ्रेंच दिग्दर्शकाने त्याची लांबलचक मुलाखत घेतली आणि १९६६ मध्ये तिचं पुस्तक निघालं. त्यात हिचकॉकने दिलेलं उदाहरण साधारण असं. काही माणसं टेबलाभोवती गप्पा मारत बसलीत. गप्पा अगदी सामान्य. एकदम टेबलाखाली बॉम्ब फुटतो. प्रेक्षक दचकतो. हा धक्का, आणि तो टिकतो पंधरा सेकंद. आता प्रसंग तोच, पण बॉम्ब ठेवताना प्रेक्षकाने पाहिलाय. तो एक वाजता फुटणार हे त्याला माहीत आहे आणि भिंतीवरच्या घड्याळात पाऊण वाजलाय. गप्पा त्याच, तितक्याच सामान्य. पण आता प्रेक्षकाला ओरडावंसं वाटतं, की अरे गप्पा कसल्या मारताय, खाली बघा! पंधरा सेकंदांच्या जागी पंधरा मिनिटं मिळाली. दिग्दर्शकाने जास्तीचं केलं काय? एक माहिती आधी दिली, एवढंच.

बॉम्ब आपल्यापैकी कोणी पाहिलेला नाही. पण त्याच्या तोडीची एक वस्तू आपण सगळ्यांनी हाताळलीय. फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये लेथवर उभं केल्यावर पहिल्या दिवशी काय सांगतात? चकची चावी चकमध्ये ठेवून हात काढायचा नाही. जॉब घट्ट केला की आधी चावी बाहेर. ती तशीच राहिली आणि मशीन सुरू झालं, तर चकबरोबर फिरून ती कुठेही भिरकावली जाऊ शकते. समोर उभ्या असलेल्याच्या तोंडावरसुद्धा.

आता समजा यावर गोष्ट लिहायची आहे. दिगंबर ऊर्फ दिग्या नावाचा एक मुलगा घेऊ. नेहमीच्या पद्धतीने लिहिली तर ती अशी होईल : दिग्याने बटण दाबलं, काहीतरी चमकलं, किंकाळी ऐकू आली. पुढच्या परिच्छेदात खुलासा, की चावी राहिली होती. वाचक 'अरेरे' म्हणतो आणि पान उलटतो.

दुसऱ्या पद्धतीने लिहू. सर जॉब बांधून दाखवताहेत. शेवटचा पीळ देतात, तेवढ्यात ऑफिसचा शिपाई सहीसाठी बोलवायला येतो. सर चावी तशीच सोडून निघून जातात. पोरं चहाला गेलीत, त्यामुळे हे पाहिलंय फक्त वाचकाने. पोरं परत येतात. रविवारी संध्याकाळी मेस बंद, मग जेवायचं कुठे, यावर वाद चाललाय. दिग्या ॲप्रनची नाडी बांधत लेथपाशी येतो. हिरव्या बटणाकडे हात नेतो. मागून कोणीतरी विचारतं, "ए दिग्या, रात्री शीट देणार ना?" हात खाली येतो. "देतो की. फाडू नका फक्त." पुन्हा मेसचा वाद. पुन्हा हात वर जातो.

यात एकही भयानक शब्द नाही. मेसचा वाद तर अगदी फालतू आहे. पण चावी माहीत असल्यामुळे त्या फालतू वादाचं एकेक वाक्य जड झालं. चावीचा उल्लेख खोडून टाका, तोच परिच्छेद कंटाळवाणा होईल.

शीटचं वाक्य मी मुद्दाम घातलंय. जीटी मारायला स्वतःची शीट देणारा आणि वर 'फाडू नका' एवढंच म्हणणारा मुलगा अख्ख्या विंगमध्ये एखादाच असतो. त्या एका वाक्याने दिग्या आपला झाला. आता त्याला काही होऊ नये असं वाटायला लागतं. हे वाटलं नाही, तर चावी दाखवूनही उपयोग नाही. 'तो' नावाच्या, चेहरा नसलेल्या माणसाची काळजी कोण करणार? पात्राचं नाव-गाव लपवणारे लेखक नेमकी हीच दोरी कापून टाकतात, आणि मग वजन लटकणार कशाला?

जाता जाता एक तांत्रिक सूचना. काही चाव्यांना स्प्रिंग असते. हात काढला की चावी आपोआप बाहेर येऊन पडते. तुमच्या गोष्टीतल्या वर्कशॉपमध्ये तशी चावी असेल, तर गोष्ट तिथेच खलास. उभं आयुष्य लेथवर काढलेले वर्कशॉपचे लोक हा अंक वाचतात, ते पहिल्या वाचनात पकडतील. वाचक जिथे 'असं होतच नाही' म्हणतो, तिथे उत्कंठा मरते. म्हणून आपल्याला ठाऊक असलेल्या यंत्रावर, ठाऊक असलेल्या जागेवर लिहा. लंडनच्या धुक्यातले इन्स्पेक्टर तूर्त राहू द्यात.

कोणी म्हणेल, हिचकॉक वगैरे सगळं विलायती. मुळीच नाही. वटपौर्णिमेची गोष्ट आठवा. आपल्याला ती उपवास आणि वडाला दोरे गुंडाळण्यापुरती ठाऊक असते. पण महाभारताच्या वनपर्वात ती ज्या तऱ्हेने सांगितलीय, तो उत्कंठेचा वस्तुपाठ आहे. सावित्रीने सत्यवानाला निवडल्याबरोबर नारद सांगून टाकतात, की आजपासून एक वर्षाने हा मरणार. बॉम्ब ठेवला गेला, घड्याळ सुरू झालं. सावित्री तरीही लग्न करून वनात येते. सत्यवानाला माहीत नाही, आंधळ्या सासऱ्यांना माहीत नाही, सासूला माहीत नाही. माहीत आहे ते तिला आणि आपल्याला. ती एकेक दिवस मोजते. चार दिवस उरतात तेव्हा तीन रात्रींचं व्रत धरते. सासरे म्हणतात, फार कठीण व्रत आहे बाई. त्यांना काय ठाऊक! शेवटच्या दिवशी सत्यवान कुऱ्हाड खांद्यावर टाकून निघतो, तेव्हा ती म्हणते, मीही येते. वाटेत तो तिला कौतुकाने नद्या दाखवतो, फुललेली झाडं दाखवतो. आपल्या गोष्टीतल्या मेसच्या वादाची हीच जागा! मग फळं गोळा होतात. मग तो लाकडं फोडायला लागतो, त्याला घाम फुटतो आणि डोकं दुखायला लागतं.

नारदाचं ते एक वाक्य काढून टाका आणि हीच गोष्ट आपल्या 'सस्पेन्स' पद्धतीने लिहून बघा. नवरा-बायको रानात जातात, गप्पा मारतात, नवरा एकदम कोसळतो. संपलं. व्रत काढावं लागेल, दिवस मोजणं काढावं लागेल, तिचं गप्प राहणं काढावं लागेल. म्हणजे सावित्रीच काढावी लागेल.

आणखी एक. सत्यवान परत येणार हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला लहानपणापासून माहीत असतं. तरी ती गोष्ट शिळी होत नाही. याच्या उलट टोकाला अगाथा ख्रिस्तीचं 'द माउसट्रॅप' हे नाटक आहे. लंडनमध्ये १९५२ साली सुरू झालेल्या या नाटकाला मोठा खंड पडला तो थेट कोविडमध्येच. तिथे प्रयोग संपल्यावर प्रेक्षकांना विनंती करतात, की खुनी कोण हे बाहेर सांगू नका. बरोबरच आहे. ते रहस्य आहे आणि रहस्य एकदा फुटलं की फुटलं. उत्कंठेला अशी विनंती करावी लागत नाही.

याचा अर्थ रहस्यकथा खालच्या दर्जाची, असं मी म्हणत नाहीये हं. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या आणि कित्येकांना वाचनाची चटक लावली. सुहास शिरवळकर आपल्याकडे 'दुनियादारी'मुळे माहीत, पण दारा बुलंद, फिरोज इराणी, मंदार पटवर्धन असे नायक उभे करून त्यांनी ढीगभर रहस्यकथा लिहिल्यात, हे आताच्या बॅचला ठाऊकही नसतं. पण चांगली रहस्यकथा सगळंच लपवत नाही. कोण संकटात आहे, कशामुळे आहे, हे स्वच्छ दिसत असतं आणि झाकलेला असतो तो एखादाच प्रश्न. आमच्याकडच्या कथांत नाव, जागा, वस्तू, कारण, सगळंच गुलदस्त्यात. पाच अननोन आणि समीकरण एकही नाही. असं गणित कोण सोडवायला घेईल?

मग सांगायचं तरी किती? माझं मत, आकड्यांसकट सांगा. 'शोले' (१९७५) न पाहिलेला माणूस हॉस्टेलवर सापडणं कठीण, म्हणून तेच उदाहरण घेतो. गब्बरच्या पहिल्याच प्रसंगात तिघं हात हलवत अड्ड्यावर परत आलीत. गब्बर रिव्हॉल्व्हर घेतो. गोळ्या सहा आणि माणसं तीन, हा हिशेब तो स्वतःच मोठ्याने मांडतो. तीन गोळ्या हवेत झाडतो, चक्र फिरवतो. आता तीन घरं भरलेली, तीन रिकामी. सलीम-जावेदनी इथे काहीही लपवलेलं नाही, अख्खा डेटा प्रेक्षकाच्या हातात दिलाय. मॅथ्सवाल्यांसाठी सांगतो : झाडलेल्या गोळ्या ओळीने होत्या, म्हणजे रिकामी घरंही ओळीने. चक्र एकदाच फिरवलं असं धरलं, तर लागोपाठ तिघंही वाचण्याची शक्यता सहात एक. थिएटरमध्ये बसून हे कोणी मांडत नाही, पण प्रत्येक खटक्याला ते पोटात कुठेतरी चाललेलं असतं. तिघंही वाचतात. गब्बर हसतो, ती तिघं हसतात, सगळी टोळी हसते, आपणही सैल होऊन बसतो... आणि तेव्हा गोळ्या सुटतात. म्हणजे धक्काही आहेच की! पण त्याला आधी जागा करून दिलीय.

वेळेचं तंत्र शिकायला पुन्हा महाभारताकडेच यावं लागतं. अभिमन्यू मारला गेल्यावर अर्जुन प्रतिज्ञा करतो, की उद्या सूर्यास्ताच्या आत जयद्रथाला मारीन, नाहीतर अग्निप्रवेश करीन. याहून कडक डेडलाइन नाही (सबमिशनचीसुद्धा नाही). जयद्रथ द्रोणांच्या व्यूहाच्या पार मागे. सूर्य कलायला लागलाय. आणि नेमके घोडे थकतात. अंगात बाण रुतलेत, पाणी हवंय. अर्जुन भर रणात रथातून खाली उतरतो, बाण मारून जमिनीतून पाणी काढतो, आणि श्रीकृष्ण घोडे सोडून त्यांच्या अंगातले बाण उपटतो, त्यांना चोळतो, पाणी पाजतो. तिकडे सूर्य थांबलेला नाही! पुढे सूर्य झाकल्याचा चमत्कार सगळ्यांना आठवतो. मला विचाराल तर ही घोड्यांची जागा त्याहून मोलाची आहे. सगळ्यात घाईच्या क्षणी गोष्ट थांबवलीय, पण खऱ्या कारणाने थांबवलीय. दिवसभर धावलेले घोडे थकणारच. आपल्या कथांत मात्र पाठलाग ऐन भरात असताना लेखक दोन परिच्छेद चंद्राचं वर्णन करतो. तो उशीर गोष्टीला नको असतो, लेखकाला हवा असतो. वाचकाला ते लगेच कळतं.

काहीच लपवायचं नाही का, असं कोणी विचारेल. लपवा की, पण काय लपवताय ते बघून. 'जॉज' हा सिनेमाही १९७५ चाच. त्यासाठी बनवलेला यांत्रिक शार्क समुद्राच्या खाऱ्या पाण्यात सारखा बंद पडायचा. मग स्पीलबर्गने शार्कऐवजी पाण्यावरून ओढली जाणारी पिवळी पिंपं दाखवली. शार्क आहे, इकडेच येतोय, हे पिंप सांगतं. शार्क मात्र दिसत नाही. धोका माहीत आहे, रूप तेवढं झाकलंय. 'ती वस्तू' लपवण्यात धोका काय हेच माहीत नसतं, फरक तो. (ब्रेकडाउनमधून एवढा फायदा झाल्याचं उदाहरण आमच्या मेंटेनन्सच्या पुस्तकात नाही!)

भाषेबद्दल फार सांगत नाही. एका कथेत 'अचानक' चौदा वेळा आलाय, आम्ही मोजला. भयाण, अनामिक, जीवघेणा हे शब्द वाचकाला 'घाबर' असा हुकूम सोडतात आणि हुकमाने कोणी घाबरत नाही. रात्रच हवी असंही नाही. दिग्याचा प्रसंग दुपारी अडीचच्या प्रॅक्टिकलचा आहे, भरपूर उजेडात, बारा पोरांच्या गलक्यात.

राहता राहिलं दिग्याचं काय करायचं ते. हिचकॉकच्या 'सॅबोटाज' (१९३६) या सिनेमात एक लहान मुलगा नकळत बॉम्ब घेऊन बसमधून चाललाय. प्रेक्षकाला ते माहीत आहे. वाटेत उशिरावर उशीर होतो. आणि बॉम्ब खरोखरच फुटतो, मुलगा जातो. हिचकॉकने पुढे त्रुफोपाशी मान्य केलं, की ते चुकलं. इतका वेळ जीव टांगल्यावर प्रेक्षकाला सुटका द्यायला हवी होती. मला हे पूर्णपणे पटत नाही. सत्यवानही आधी मरतोच. प्रश्न वाचवण्या-मारण्याचा नाही, ते कशामुळे होतं याचा आहे. दिग्याला वाचवायला ऐनवेळी लाइट घालवली, तर वाचक मासिक फेकून देईल, आणि ते योग्य होईल. त्यापेक्षा आधीच्या पानावर दाखवा, की शीटवर पेन्सिल टेकवण्याआधी त्याला दरवेळी कागदावरून हात फिरवायची सवय आहे, कचरा राहू नये म्हणून. मग बटण दाबण्याआधी तो चककडेही हात नेईल आणि कोणाला ते खोटं वाटणार नाही. किंवा घाईत त्या दिवशी नेईलच असं नाही. दोन्ही शक्य आहेत, म्हणून तर वाचक थांबतो.

माझ्या डोक्यात मात्र ही गोष्ट दिग्याची राहिलेली नाही, ती सरांची झालीय. (कथेतले सर, आपले नव्हेत!) ऑफिसात रजिस्टरवर सही करताना पेनासाठी त्यांचा हात खिशाकडे जातो. जॉब बांधून झाला की चावी ते कायम त्याच खिशात टाकतात. खिसा हलका लागतो. ऑफिस पहिल्या मजल्यावर. मग जिना, मग ग्राउंड, ग्राउंडच्या पलीकडे वर्कशॉप. गुडघा दुखतोय म्हणून गेलं वर्षभर जिना कठडा धरून उतरणारा माणूस.

इथून पुढे कोणीतरी लिहा. कथा पी.एल. लागायच्या आत मराठी विभागाकडे द्या, पानाच्या एकाच बाजूला लिहिलेली, आणि शीर्षकाखाली 'सस्पेन्स स्टोरी' असं लिहू नका.